लेसर कटरवर स्वच्छ काम कसं काढायचं: पॉवर-स्पीडचे आकडे मागण्याआधी

प्रश्न थोडक्यात असा आहे: ८० वॅटचं नवीन सीओटू (कार्बन डायऑक्साइड वायूच्या ट्यूबचं) लेसर मशीन घेतलंय, बेड ९०० बाय ६०० मिमीचा. घराच्या नेमप्लेट, गणपतीसाठी एमडीएफची (लाकडाचा भुसा दाबून केलेल्या बोर्डाची) मखरं आणि ॲक्रेलिकची बारीकसारीक कामं करायची आहेत. मागच्या डाव्या कोपऱ्यात ३ मिमी एमडीएफ सुरेख कट होतं, पुढच्या उजव्या कोपऱ्यात तीच शीट अर्धवट राहते. प्लायच्या कडा काळ्या पडतात. एका तक्त्यातले आकडे टाकून पाहिले, जमलं नाही. तर बरोबर पॉवर आणि स्पीड काय ठेवू?

आकडे सगळेच मागतात, आणि देणारेही हौसेने देतात. पण ट्यूब किती जुनी, आरसे किती स्वच्छ, पाणी किती थंड, लेन्स कुठली, शीट कुठल्या लॉटची, यातलं एक बदललं तरी आकडा हलतो. तुमच्या प्रश्नातली खरी माहिती वेगळीच आहे. एका कोपऱ्यात कट होतंय आणि दुसऱ्यात नाही. सेटिंग चुकलं असतं तर सगळीकडे सारखंच चुकलं असतं. हा दोष किरणाच्या वाटेचा आहे, नाहीतर बेडच्या पातळीचा. तो काढल्याशिवाय पॉवर वाढवत गेलात तर जवळचा कोपरा जळेल, लांबचा तसाच राहील आणि ट्यूबचं आयुष्य मधल्यामध्ये खर्च होईल.

किरणाची वाट अशी असते. ट्यूब मशीनच्या मागच्या बाजूला आडवी. तिच्यातून निघालेला किरण डाव्या कोपऱ्यातल्या पहिल्या आरशावर, तिथून पुढे-मागे सरकणाऱ्या गॅन्ट्रीवरच्या, म्हणजे आडव्या दांड्यावरच्या, दुसऱ्या आरशावर, तिथून हेडवरच्या तिसऱ्या आरशावर, आणि मग खाली लेन्समधून मालावर. मागच्या डाव्या कोपऱ्यात ही वाट सर्वांत तोकडी, पुढच्या उजव्या कोपऱ्यात सर्वांत लांब. पहिला आरसा केसभर तिरका असला तरी जवळच्या कोपऱ्यात कळत नाही. लांब गेल्यावर किरण आरशाच्या कडेला जातो किंवा नोझलच्या आतल्या भिंतीला घासतो आणि निम्मी ताकद तिथेच जाते.

तपासायचं असं. दुसऱ्या आरशाच्या तोंडावर मास्किंग टेपचा तुकडा लावा. गॅन्ट्री मागे नेऊन झाकण बंद करा आणि १०-१५ टक्के पॉवरवर क्षणभराचा एक पल्स द्या. टेपवर तपकिरी ठिपका उठेल. टेप तशीच ठेवून गॅन्ट्री पूर्ण पुढे आणा, पुन्हा पल्स. दोन्ही ठिपके एकावर एक बसले तर पहिला आरसा ठीक आहे. दुसरा ठिपका सरकला असेल तर पहिल्या आरशाचे स्क्रू फिरवायचे. इथे बहुतेक जण ठिपका आरशाच्या मध्यावर आणायच्या मागे लागतात आणि तासन्‌तास गोल फिरत राहतात. आधी मध्य नको. लांबचा ठिपका जवळच्या ठिपक्यावर आणायचा, एवढंच. दोन्ही जुळले म्हणजे किरण रुळाला समांतर झाला. मध्यावर आणण्यासाठी नंतर ट्यूब किंवा आरशाचा स्टँड वर-खाली, आजूबाजूला सरकवायचा. मग हेडच्या तोंडावर टेप लावून हेच चारही कोपऱ्यांत करायचं, तिथे दुसरा आरसा जुळवायचा. शेवटी नोझलच्या भोकाखाली टेप. ठिपका भोकाच्या मधोमध हवा. एका बाजूला चिकटून असेल तर जाड ॲक्रेलिकची कड तिरकी कापली जाते. ८-१० मिमीचा तुकडा गुण्यात (काटकोन तपासायच्या पट्टीत) धरून पाहिलात की ते लगेच दिसतं.

हे करताना हात आणि डोकं किरणाच्या वाटेत कधीही नको. हा किरण दिसत नाही, आणि डोळ्याच्या बाहुलीवरचा पारदर्शक पडदा तो थेट भाजतो.

आरसे जुळले की बेड. फोकसची पट्टी चारही कोपऱ्यांत लावून पाहा. बहुतेक मशीनमध्ये ५०.८ मिमी, म्हणजे २ इंची लेन्स असते. पातळ मालावर तिला एखाद्या मिलिमीटरचा फरक खपतो, त्यापुढे नाही. बेडच्या चार स्क्रूंपैकी एकाची साखळी किंवा पट्टा एक दात सरकलेला असणं हे नव्या मशीनमध्येही निघतं, वाहतुकीत खूप काही हलतं. आणि बेड सरळ असूनही शीट वाकडी असेल तर उपयोग नाही. ३ मिमी एमडीएफ भिंतीला तिरकं टेकवून ठेवलं की आठवड्याभरात त्याला पोट येतं. शीट सपाट आडवी रचून ठेवा, कट करताना कडेला चुंबक ठेवा. बेड लोखंडी असेल तर साधे चुंबकही पुरतात.

आता ट्यूब आणि तिला थंड ठेवणारं पाणी. या दोघांकडे लोक सर्वांत कमी पाहतात आणि सर्वांत जास्त पैसा इथेच जातो.

आधी तुमची ट्यूब खरंच ८० वॅटची आहे का, ते पाहा. साधारण १००० मिमी लांब आणि ५० मिमी जाड काचेची ट्यूब ही ४० ते ५० वॅटची असते, वर स्टिकर काहीही असो. स्टिकर पाहू नका, टेप घेऊन मोजा. ट्यूब लहान निघाली तरी ती वाईट आहे असं नाही, फक्त तिच्याकडून ८० वॅटचं काम मागायचं नाही. ट्यूबच्या परतीच्या वायरवर एक काट्याचा मिलिॲम्पिअर मीटर बसवून घ्या, नसेल तर. हे काम जाणकार इलेक्ट्रिशियनकडूनच करून घ्यायचं, कारण त्या वायरिंगमध्ये २० हजार व्होल्टच्या घरातलं व्होल्टेज असतं आणि मशीन बंद केल्यावरही चार्ज काही वेळ राहतो. पण मीटर लागला की तुम्हाला खरं कळतं. पडद्यावरचा ६० टक्के म्हणजे किती करंट, हे प्रत्येक मशीनमध्ये वेगळं. ट्यूबच्या कागदावर जो कमाल करंट दिलेला असतो त्याच्या बराच खाली राहून रोजचं काम करा. शेवटच्या थोड्या करंटमधून कटमध्ये फारसं काही मिळत नाही, ट्यूब मात्र लवकर बसते.

पाणी डिस्टिल्ड हवं. नळाचं किंवा बोअरचं पाणी घातलं की क्षार आणि शेवाळ तर होतंच, शिवाय त्या पाण्यातून वीज वाहते. ट्यूबमध्ये हवेचा बुडबुडा अडकलेला दिसला तर तो निघेपर्यंत लेसर चालवू नका, कारण बुडबुड्याच्या जागी काच तापते आणि तडकते. ट्यूब हलक्या हाताने फिरवून पाणी बाहेर पडायची नळी वरच्या बाजूला आणली की बुडबुडे आपोआप निघून जातात.

चिलरच्या, म्हणजे हे पाणी थंड करणाऱ्या यंत्राच्या, बाबतीत आपल्याकडचा उन्हाळा आणि पावसाळा हे दोन वेगळे आजार आहेत. बऱ्याच मशीनबरोबर सीडब्ल्यू-३००० नावाचा डबा येतो. त्यात कॉम्प्रेसर नाही, फक्त रेडिएटर आणि पंखा आहे. खोलीपेक्षा थंड पाणी तो करूच शकत नाही. नागपूर-जळगावकडे मे महिन्यात खोली ४० अंशांवर असेल तर पाणी त्याहून गरम, आणि गरम पाण्यात ट्यूबची ताकद पडते. सकाळी कट होणारी शीट दुपारी होत नाही, ही तक्रार बहुतेक वेळा इथून येते. रोजचा धंदा करायचा असेल तर कॉम्प्रेसरवाला चिलर, सीडब्ल्यू-५२०० किंवा त्या जातीचा, घ्यावाच लागतो. पावसाळ्यात उलट. कोकणात किंवा मुंबईत जुलैमध्ये खोलीत २७ अंश आणि दमटपणा ८५ टक्के असेल तर २४ अंशांच्या आसपासच दव धरायला लागतं. तुम्ही चिलर १८ वर लावून ठेवला की ट्यूबला आणि तिच्याजवळच्या आरशाला घाम फुटतो. ओल्या काचेवरून हाय व्होल्टेजची ठिणगी बाजूच्या पत्र्यावर उडी मारते. म्हणून उन्हाळ्यात २०-२२, पावसाळ्यात २५ च्या जवळ. अर्थिंगचा वेगळा रॉड मारून घ्या. इमारतीचं अर्थिंग असतं असं सांगितलं जातं, ते आधी तपासून घ्या.

लेन्स आणि आरसे पुसण्याबद्दल थोडक्यात. एमडीएफ कट करत असाल तर लेन्स रोज संध्याकाळी काढून पाहा. त्यावर तपकिरी धूर बसतो, तो उष्णता शोषतो, आणि मग लेन्सच तडकते. आधी ब्लोअरने धूळ उडवा, मग कापसाच्या काडीवर आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन, दाब न देता, मधून बाहेर एकदाच फिरवा. तीच काडी दुसऱ्यांदा नाही. शर्टच्या टोकाने, टिश्यूने तर मुळीच नाही. बसवताना फुगीर बाजू वर, सपाट खाली. ही लेन्स झिंक सेलेनाइडची असते, पिवळसर दिसते. तुटली किंवा जळली तर तिचा भुगा विषारी असतो, हातमोजे घालून उचला आणि पिशवीत बंद करा.

मग फोकस. मशीनबरोबर आलेली फोकसची पट्टी बरोबरच असेल असं धरून चालू नका, लेन्स थोडी वर-खाली बसलेली असू शकते. एमडीएफची एक फूटभर पट्टी घ्या, तिचं एक टोक बेडवर आणि दुसरं साधारण २० मिमी उंच ठोकळ्यावर ठेवा. मधला भाग फोकसच्या पट्टीने सांगितलेल्या अंतरावर येईल असा बेड लावा. आता कमी पॉवरवर या टोकापासून त्या टोकापर्यंत एकच सरळ रेघ ओढा. रेघ जाड, फिक्या तपकिरी रंगाची सुरू होते, हळूहळू बारीक आणि काळी होत जाते, एका जागी केसासारखी होते आणि पुन्हा पसरते. सर्वांत बारीक जागी पेनने खूण करा, हेड तिथे नेऊन नोझलपासून खुणेपर्यंतचं अंतर मोजा. तेवढ्या उंचीचा ॲक्रेलिकचा ठोकळा स्वतःच कट करून मशीनला दोरीने बांधून ठेवा. आमच्याकडे पट्टी हरवली असं कारण आता कुणी देत नाही.

एन्ग्रेव्हिंगला, म्हणजे कोरीव कामाला, फोकस मालाच्या पृष्ठभागावर ठेवायचा. ५-६ मिमीच्या पुढचं कट करताना तो वरून एक तृतीयांश खोल उतरवला की खालची कडही सरळ येते.

आता माल. इथे एक गंमत सांगतो. या जातीचा लेसर १९६४ मध्ये अमेरिकेत बेल लॅब्समध्ये कुमार पटेल यांनी बनवला, आणि त्यांचा जन्म बारामतीचा, इंजिनिअरिंग पुण्यातलं. त्याच्या किरणाची तरंगलांबी १०.६ मायक्रॉन. आपल्या डोळ्याला जे ॲक्रेलिक आरपार दिसतं ते या किरणाला आरपार नाही, म्हणून स्वच्छ पारदर्शक ॲक्रेलिकही तो लोण्यासारखा कापतो. निळ्या डायोड लेसरचा किरण त्यातून सरळ निघून जातो, त्यामुळे तसल्या छोट्या मशीनवर पारदर्शक ॲक्रेलिक होत नाही. याच कारणाने सीओटू मशीनच्या झाकणाची ॲक्रेलिकची काच तुमचं रक्षण करते, पण डायोड मशीनला कुठलंही पारदर्शक झाकण चालत नाही, त्याच्या तरंगलांबीचाच चष्मा लागतो.

ॲक्रेलिक दोन जातींचं मिळतं, कास्ट आणि एक्स्ट्रुडेड. दुकानदाराला विचारून घ्या, आणि खात्री नसेल तर कोपऱ्यात चार अक्षरं कोरून पाहा. कास्टवर पांढरी, दुधाळ अक्षरं उठतात. एक्स्ट्रुडेडवर ती जवळजवळ पारदर्शकच राहतात, दिसत नाहीत. एलईडी खालून लावायच्या नेमप्लेटला कास्टच लागतं. एक्स्ट्रुडेड स्वस्त, कट पटकन होतं, कडही चकचकीत येते, पण खालच्या कडेला वितळलेली धार राहते. कडेची चमक हवी असेल तर ॲक्रेलिकला हवेचा दाब अगदी कमी ठेवा, ज्योत विझेल इतकाच. जास्त हवा मारली की कड दुधाळ होते. कट झाल्यावर कडेवर अल्कोहोल किंवा काच पुसायचा स्प्रे लावू नका. लेसरच्या उष्णतेने कडेत ताण राहिलेला असतो, अल्कोहोल लागलं की कोळ्याच्या जाळ्यासारख्या बारीक भेगा पडतात. क्लोरोफॉर्मने चिकटवतानाही हेच होतं. नाजूक जोडकाम असेल तर तुकडे आधी ओव्हनमध्ये ८० अंशांवर काही तास ठेवून हळूहळू गार करा. पुसायला साबणाचं पाणी पुरतं.

प्लायच्या काळ्या कडांचं कारण लाकडापेक्षा गोंदात असतं. वॉटरप्रूफ, म्हणजे आयएस ७१० चा मरीन प्लाय घेतला असेल तर तो लेसरसाठी चुकीचा माल आहे. त्यातला फेनॉलचा गोंद काळपट असतो आणि किरणाला दाद देत नाही, लाकूड कापलं जातं आणि गोंदाच्या थरावर किरण अडून कोळसा होतो. आयएस ३०३ चा साधा एमआर (ओल थोडीफार सोसणारा) ग्रेड त्यामानाने बरा, पण त्यातही आत गाठी, पोकळ्या आणि पुट्टी भरलेल्या जागा असतात. जिथे किरण अडतो तिथे ती जागा खुणेने लक्षात ठेवून पुन्हा दोनदा मारण्यापेक्षा तो तुकडा बाजूला काढलेला बरा. म्हणूनच मखरासाठी एमडीएफ सोयीचं पडतं. २०१८ ला राज्यात थर्माकोलवर बंदी आल्यानंतर मखरवाल्यांपैकी बरेच जण इकडे वळले, त्यालाही हे एक कारण आहे. एमडीएफची जाडी सगळीकडे सारखी असते आणि आत आश्चर्य नसतं. फक्त पावसाळ्यात ते ओल धरतं, जुलैचं सेटिंग एप्रिलला चालत नाही.

काळेपणा कमी करायला तीन गोष्टी चालतात. एक, हवा. लाकडाला नोझलमधून भरपूर हवा लागते, माशांच्या टाकीचा पंप पुरत नाही, छोटा कॉम्प्रेसर घ्या आणि त्याला पाणी गाळणारा फिल्टर लावा, नाहीतर पावसाळ्यात लेन्सवर थेंब उडतात. दोन, वरच्या बाजूला मास्किंग टेप किंवा ट्रान्स्फर टेप. धुराचा पिवळा डाग टेपवर बसतो आणि टेप निघून जाते. तीन, खालची बाजू. हनीकोम्बच्या जाळीवरून किरण परत उसळतो आणि मागे षटकोनी डाग पडतात. शीट खिळ्यांवर किंवा ॲल्युमिनियमच्या पट्ट्यांवर सेंटिमीटरभर उचला, डाग जातील. धूर खालून ओढला जायला जागाही मिळते. तरीही लाकडाची कड तपकिरी राहणारच. ग्राहकाला पांढरी कड हवी असेल तर लेसर हे त्याचं यंत्र नाही, राउटरकडे पाठवा.

आता तुम्ही मागितलेले आकडे. खऱ्या ६०-६५ वॅटच्या चांगल्या ट्यूबवर, २ इंची लेन्स आणि पॉवर ६० टक्के धरून, ३ मिमी एमडीएफ आणि ३ मिमी कास्ट ॲक्रेलिक १५ मिमी प्रतिसेकंदच्या आसपास, ६ मिमी ॲक्रेलिक ६-७ च्या आसपास. इथून सुरुवात करा, इथे थांबू नका. पॉवर एका जागी धरा आणि फक्त स्पीड बदलत २० मिमीचे चौकोन कापा: १०, १२, १४, १६, १८. प्रत्येक चौकोनावर त्याचाच आकडा कोरा. जो चौकोन स्वतःच्या वजनाने खाली पडतो त्यातला सर्वांत वेगवान घ्या आणि कामाला त्याहून एक पायरी हळू लावा. ॲक्रेलिकच्या कडेवर उभ्या बारीक रेषा दिसतात, त्या खाली मागे वाकलेल्या असतील तर स्पीड जास्त आहे. हा नमुना भिंतीवर लटकवा, मागे दुकान, लॉट आणि तारीख लिहा. वही हरवते, भिंत हरवत नाही.

कोपरे जास्त जळत असतील तर पॉवर कमी करू नका. हेड कोपऱ्यात वळायला हळू होतं आणि तिथे किरण जास्त वेळ थांबतो. रुइडा कंपनीच्या कंट्रोलरच्या मशीनमध्ये किमान आणि कमाल अशी दोन पॉवर असतात, त्यातली किमान खाली आणा. पण १०-१२ टक्क्यांच्या खाली बहुतेक ट्यूब पेटतच नाहीत, तिथे कोपरे सुटायला लागतात. मधली जागा शोधावी लागते.

कर्फ, म्हणजे किरण खातो ती फट, एकदा मोजून ठेवा. १०० मिमी लांब, २० मिमी रुंद आयत काढा, त्यात लांबीला छेदणाऱ्या ९ रेषा टाकून १० तुकडे करा. कट झाल्यावर तुकडे घट्ट जुळवून कॅलिपरने एकूण लांबी मोजा. ९८.२ आली तर कमी झालेले १.८ भागिले १० (आतले ९ छेद आणि दोन टोकांचे अर्धे-अर्धे), म्हणजे कर्फ ०.१८ मिमी. दातेरी सांध्याच्या डब्यात प्रत्येक कडेला याच्या निम्मं बाहेर ढकललं की डबा गोंदाशिवाय उभा राहतो. मात्र खाचेची रुंदी मालाच्या खऱ्या जाडीवरून ठरवा. ३ मिमी म्हणून घेतलेला प्लाय २.७ ही भरतो आणि ३.२ ही. मखराच्या खांबांना साठ खाचा असतील तर हे शीट कापायच्या आधी कळलेलं बरं.

फाइलमधल्या चुका सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त. एकावर एक पडलेल्या दोन रेघा डोळ्याला एक दिसतात, मशीन दोनदा कापतं आणि कड जळते. लाइटबर्न या लेसरच्या सॉफ्टवेअरमध्ये दुहेरी रेघा काढून टाकायची सोय आहे, प्रत्येक फाइलवर चालवा. क्रम असा: आधी एन्ग्रेव्हिंग, मग आतली भोकं, शेवटी बाहेरची कड. बाहेरची आधी कापली तर तुकडा खाली सरकतो आणि भोकं भलत्या जागी पडतात.

नेमप्लेटसाठी देवनागरीचं जरा सविस्तर सांगायला हवं, कारण परदेशी व्हिडिओंमध्ये हे कुणी सांगत नाही. मजकूर कर्व्हमध्ये, म्हणजे नुसत्या रेषांच्या आकारांत, बदलला की प्रत्येक अक्षर आपापल्या शिरोरेखेचा तुकडा घेऊन वेगळं होतं, आणि हे तुकडे एकमेकांवर चढलेले असतात. तसंच कापायला दिलं तर शिरोरेखेत आडवे छेद जाऊन 'कुलकर्णी'चे पाच तुकडे हातात येतात. म्हणून कोरलड्रॉमध्ये सगळी अक्षरं निवडून वेल्ड करा, म्हणजे सगळे आकार मिळून एकच बाहेरची रेघ उरते. कंबाइन नाही. कंबाइन केलं की जिथे दोन आकार एकावर एक येतात तिथे पोकळी होते आणि शिरोरेखेला भोकं पडतात. नेमप्लेट खराब झाल्याच्या तक्रारींत हा गोंधळ सारखा दिसतो. ग्राहकाने जुन्या, युनिकोड नसलेल्या फॉन्टमध्ये टाइप केलेली फाइल पाठवली तर ती त्याच्याकडूनच कर्व्ह करून मागवा, आणि युनिकोड मजकूर जुन्या कोरलमध्ये चिकटवला तर जोडाक्षरं फुटलेली नाहीत ना, हे मोठं करून वाचा. 'र्‍हस्व', 'विठ्ठल', 'राष्ट्र' असे शब्द मुद्दाम तपासा.

वेल्ड नीट झालं की देवनागरीचा मोठा फायदा मिळतो. इंग्रजी नावाची अक्षरं सुटी पडतात, आपलं नाव शिरोरेखेमुळे एकसंध निघतं. पण मग सगळा भार तिच्यावर. ३ मिमी ॲक्रेलिकमध्ये शिरोरेखा ३ मिमीहून बारीक ठेवली तर लांब आडनाव वरचा कागद सोलतानाच मोडतं. अनुस्वार, चंद्रबिंदू, काही फॉन्टमधले पाय मोडल्याचे तुकडे सुटे पडतातच. ते बेडच्या जाळीतून खाली जातात आणि 'शिंदे' दारावर 'शिदे' होऊन लागतात. यावर सोपी युक्ती: अक्षरं कापून उरलेली शीट टाकू नका. ती मागच्या पाटीवर टेकवा, तिच्या भोकांत अक्षरं आणि टिंब जसेच्या तसे बसवून चिकटवा, गोंद धरला की शीट उचला. ओळ सरळ येते आणि टिंबही जागेवर. स्टेन्सिल बनवताना मात्र उलटं संकट, 'व', 'ब', 'ष' यांची पोटं गळून पडतात, त्यांना दोन बारीक पूल हाताने काढावे लागतात. आणि कोरीव कामात अक्षर ५ मिमीहून लहान असेल तर 'द्ध', 'ष्ट' यांची पोटं धुराने भरतात. तिथे जाड फॉन्ट सोडून साधा, मोकळा फॉन्ट घ्या.

काय कापायचं नाही, हे आधीच पाठ हवं. पीव्हीसी कुठल्याही रूपात नाही: सनबोर्ड, फ्लेक्स, व्हिनाइल स्टिकर, रेक्झिन. त्यातून हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो. तो फुप्फुसाला तर जाळतोच, मशीनचे रूळ आणि बेअरिंगही काही दिवसांत गंजवतो. ग्राहक 'लेदर आहे' म्हणून रेक्झिन देतो. शंका आली तर तांब्याची वायर गॅसवर लाल करा, तुकड्याला टेकवून थोडं प्लास्टिक उचला आणि पुन्हा ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली तर त्यात क्लोरीन आहे, काम परत करा. ही चाचणी उघड्या हवेत, छोट्या तुकड्यावर. पॉलिकार्बोनेट पिवळं पडून जळतं, थर्माकोल पेट घेतं, दोन्ही नको.

आणि चालू मशीन सोडून चहाला जायचं नाही. आग लागते ती बहुतेक हवेचा पंप बंद राहिल्यामुळे आणि खालच्या ट्रेमध्ये साठलेल्या चुऱ्यामुळे. ट्रे रोज रिकामा करा. शेजारी सीओटूचा अग्निशामक ठेवा. पावडरवाल्याने आग विझते, पण पावडर आरसे, रूळ, लेन्स सगळीकडे घुसते.

आरसे, बेड आणि पाणी पाहून झाल्यावरही उजवा कोपरा कमजोर राहिला तर पुढच्या वेळी हे सांगा: चारही कोपऱ्यांतल्या टेपच्या ठिपक्यांचे फोटो, ६० टक्क्यांवर मीटर किती करंट दाखवतो, ट्यूबची लांबी आणि जाडी, चिलरचं मॉडेल आणि त्या वेळचं पाण्याचं तापमान. शीट कुठल्या दुकानातली, तेही लिहा.